लसीकरण : व्यक्तीची निवड आणि समाजाचे देणे

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणाचा निकाल दिला. त्या संध्याकाळी मला दोन मित्रांचे फोन आले. दोघेही मराठी, दोघेही माझ्यासारखेच नोकरीनिमित्त घरापासून दूर. एक भोपाळला, दुसरा बंगळुरूला. पहिला म्हणाला, "पाहिलेस ना? लसीची सक्ती करता येत नाही, असे न्यायालयानेच सांगितले." दुसरा म्हणाला, "पाहिलेस ना? सरकारचे लसीकरणाचे धोरण मनमानी नव्हते, असे न्यायालयानेच सांगितले." दोघांचेही म्हणणे खरे होते आणि दोघांनीही निकाल अर्धाच वाचला होता.

न्यायालयाने सांगितले ते थोडक्यात असे. स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग आहे. म्हणून कोणाही व्यक्तीला बळजबरीने लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी शासन व्यक्तीच्या हक्कांवर काही मर्यादा घालू शकते. या मर्यादा तीन कसोट्यांना उतरल्या पाहिजेत. त्यांना कायद्याचा आधार हवा, त्यांच्यामागे खरी निकड हवी आणि त्या प्रमाणशीर हव्यात. लस न घेतलेल्या माणसाकडून इतरांना होणारा संसर्गाचा धोका लस घेतलेल्यापेक्षा जास्त आहे, असे दाखवणारी माहिती न्यायालयापुढे ठेवली गेली नाही. म्हणून लस न घेतलेल्यांवर घातलेले त्या वेळचे निर्बंध प्रमाणशीर म्हणता येत नाहीत आणि रुग्णसंख्या कमी आहे तोवर त्यांचा फेरविचार व्हावा, असे न्यायालयाने सुचवले.

आपल्याकडे या विषयावरची चर्चा बहुधा "सक्ती असावी की नसावी" या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. न्यायालयाने विचारलेला प्रश्न निराळा होता. व्यक्तीकडून समाजाने किती मागावे, कशाच्या आधारावर मागावे आणि केव्हापर्यंत मागावे, असा तो होता. प्रशासनात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न अधिक जवळचा वाटतो, कारण आमचे सारे काम "किती" आणि "केव्हापर्यंत" या दोन शब्दांतच सामावलेले असते. मी त्यात एका प्रश्नाची भर घालू इच्छितो : मागणाऱ्याने मोबदल्यात काय द्यावे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाची तोंडओळख फार पूर्वी झालेली असते. पुणे विद्यापीठात एम.ए. करताना आम्हांला आर्थर पिगू यांचे कल्याणाचे अर्थशास्त्र अभ्यासाला होते. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९२० सालचा. एखाद्या व्यवहाराचा लाभ किंवा तोटा त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसाच्या पदरात पडतो, तेव्हा त्याला बाह्य परिणाम म्हणतात. गिरणीचा धूर शेजारच्या वस्तीत जातो, पण त्या वस्तीच्या खोकल्याचा खर्च गिरणीमालकाच्या खतावणीत कधीच येत नाही. लस हे याच्या उलट उदाहरण होय. मी लस घेतली तर माझे रक्षण होते, आणि मी ज्यांच्या संपर्कात येतो त्यांचेही थोडेफार होते. पण निर्णय घेताना मी फक्त माझाच नफातोटा मांडतो. परिणामी समाजाला हवे त्यापेक्षा कमी लसीकरण होते.

याला आणखी एक फाटा आहे. गोवराचेच पाहा. कोणाच्याही अंगी प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. म्हणून गोवर थोपवायचा तर सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. आता समजा, ९५ टक्के मुलांना लस दिली गेली आहे. उरलेल्यांपैकी एखादा बाप असा विचार करू शकतो की सगळ्यांनी लस घेतलीच आहे, मग माझ्या मुलाला सुई कशाला? त्याच्यापुरता हा हिशेब बरोबर ठरतो. पण असाच हिशेब दहा जणांनी केला की भिंतीला भगदाड पडते. आणि त्या भगदाडातून रोग शिरतो तो बहुधा त्या बापाच्या घरी जात नाही. ज्याला वयामुळे वा आजारपणामुळे लस घेताच येत नाही, त्याच्या घरी तो आधी पोहोचतो.

इथवरचा युक्तिवाद सक्तीच्या बाजूने जातो, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. परंतु याच युक्तिवादाची दुसरी बाजू अशी की शासनाचा हस्तक्षेप बाह्य परिणामाएवढाच असावा. त्याहून जास्त नसावा. धूर कमी तर कर कमी, धूर थांबला तर कर नाही. कोविडच्या लसीने तीव्र आजार आणि मृत्यू यांपासून मोठे संरक्षण दिले. लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ साली काढलेल्या अंदाजानुसार पहिल्या वर्षभरात एकट्या भारतात लसीमुळे सुमारे ४२ लाख मृत्यू टळले. हे श्रेय लहान नव्हे. मात्र संसर्ग दुसऱ्याकडे जाण्यापासून रोखण्याची या लसींची शक्ती मुळातच गोवराच्या लसीएवढी नव्हती, आणि २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आल्यावर ती आणखी घटली. म्हणजे लसीचा वैयक्तिक लाभ मोठाच राहिला, पण शेजाऱ्याला होणारा लाभ आक्रसला. त्याबरोबर सक्तीचा नैतिक आधारही आक्रसला. दुसरा एक बाह्य परिणाम मात्र खरा होता. एप्रिल-मे २०२१ मध्ये रुग्णालयातील खाट आणि ऑक्सिजनचे सिलिंडर यांसाठी जी धावाधाव झाली, ती पाहिलेल्या कोणालाही हे पटेल की टाळता येण्याजोगा गंभीर आजार हा केवळ त्या रुग्णाचा खाजगी प्रश्न राहत नाही. त्याने अडवलेली खाट दुसऱ्या कोणाची तरी असते. पण हा परिणामही लाटेबरोबर वाढतो आणि लाटेबरोबर ओसरतो. म्हणून साथीच्या काळात काढलेल्या प्रत्येक निर्बंधाच्या आदेशावर त्याच्या समाप्तीची तारीख असली पाहिजे. आमच्या यंत्रणेत आदेश काढण्याची तत्परता असते. तो मागे घेण्याचे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

हे सारे कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात ते कसे दिसते, याचा अनुभव मला शिलाँगने दिला.

२०२० ते २०२२ या काळात माझी नेमणूक शिलाँगला होती. कार्यालयात सुमारे सत्तर माणसे. खासी, बंगाली, असमिया, नेपाळी आणि आम्ही दोघे-तिघे दूरवरचे. ६ एप्रिल २०२१ रोजी कार्मिक विभागाचे परिपत्रक आले. ४५ वर्षे व त्यावरील सर्व केंद्रीय कर्मचाऱ्यांनी लस घ्यावी, असा त्यात सल्ला होता. सल्ला हा शब्द महत्त्वाचा. आदेश अमलात आणणे सोपे असते. न पाळणाऱ्याला नोटीस देता येते. सल्ला अमलात आणायचा म्हणजे माणसांशी बोलावे लागते.

जूनपर्यंत निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांनी पहिला डोस घेतला होता. लस कोविशिल्ड, म्हणजे पुण्यात तयार झालेली. "लस पुण्याची आणि साहेबही पुण्याचे, मग साहेब तिची तरफदारी करणारच," असा विनोद कार्यालयात चाले, आणि मीही त्यात सामील होई. विनोद संपला तो एका सोमवारी. लेखा शाखेतील एक बंगाली सहकारी माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या पत्नीवर गुवाहाटीला केमोथेरपी चालू होती. ते ज्या खोलीत बसत, त्याच खोलीत आवक-जावक सांभाळणारी एक खासी कर्मचारी बसत असे. तिने लस घेतली नव्हती. सहकारी शांतपणे म्हणाले, "सर, मी संध्याकाळी घरी जाऊन पत्नीला औषध देतो. दिवसभर माझ्या शेजारी कोण बसते, याबद्दल बोलण्याचा मला काहीच हक्क नाही काय?"

हा प्रश्न व्यक्ती विरुद्ध समाज असा नव्हता. एका व्यक्तीची निवड आणि दुसऱ्या व्यक्तीचे घर, असा तो होता. समाज हा शब्द आपण वापरतो तेव्हा त्यात असे एखादे आजारी माणूस असते, हे लक्षात ठेवायला हवे.

मी त्या बाईंना बोलावले. खासी लोकांत कोणत्याही प्रौढ स्त्रीला आदराने "काँग" म्हणतात, आपल्या "ताई"सारखेच. काँग पन्नाशीच्या, सव्वीस वर्षे नोकरी झालेल्या, कधी एक कागद इकडचा तिकडे न झालेल्या. त्यांचा नकार अंधश्रद्धेतून आला असेल, अशी माझी अपेक्षा होती. समाजमाध्यमांवर तेव्हा काय काय फिरत होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पण त्या म्हणाल्या, "सर, मी घरातली धाकटी मुलगी आहे."

याचा अर्थ शिलाँगला राहिल्याशिवाय कळत नाही. खासी समाजात वंश आईकडून चालतो, आणि धाकट्या मुलीकडे, म्हणजे "खाद्दू"कडे, घर येते. त्या घराबरोबर म्हातारे आईवडील, अडलेले नातेवाईक आणि कुळाचे धर्मकृत्य यांची जबाबदारीही येते. काँगच्या घरी ऐंशीच्या पुढची आई होती. मी त्यांना आकडा सांगितला. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने जाहीर केले होते की रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ इतके आढळले आहे. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "आकडा बरोबरच असेल, सर. पण मला काही झाले तर माझ्या आईला सरकार सांभाळील, असे तुम्ही लिहून द्याल काय?"

मी लिहून देऊ शकत नव्हतो. सेवेत असताना मृत्यू आल्यास काय काय मिळते, ते मी त्यांना समजावले; ते त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. त्यांचा प्रश्न त्या लाभांविषयी नव्हताच. सरकारच्या सांगण्यावरून, इतरांच्या भल्यासाठीही, मी जोखीम घ्यायची असेल तर ती फसल्यावर सरकार माझ्या बाजूने उभे राहील काय, असा तो होता. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लाभ सर्वांत वाटला जाणार असेल, तर तोटाही सर्वांत वाटला जावा, अशी ती मागणी होती. मी या विषयावर पुष्कळ वाचले आहे. याहून नेमकी मांडणी माझ्या वाचनात नाही.

मग मी सहकाऱ्यांच्या पत्नीविषयी सांगितले. माझे वाक्य पुरे होण्याआधीच काँग म्हणाल्या, "मी खाली टपालाच्या खोलीत बसते. त्यांच्या घरी माझ्यामुळे आजार जाता कामा नये." दुसऱ्या दिवसापासून त्या तळमजल्यावर बसू लागल्या. शिलाँगच्या पावसातही त्या खिडकी उघडी ठेवीत आणि मास्क कधी हनुवटीवर येऊ देत नसत. त्यांनी सुई नाकारली होती, जबाबदारी नाकारली नव्हती. या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण गृहीत धरतो, आणि मग ज्याला समजावता आले असते त्याला गुन्हेगार ठरवतो.

त्याच आठवड्यात, २३ जून २०२१ रोजी, मेघालय उच्च न्यायालयाचा एक आदेश आला. राज्यातील काही जिल्हाधिकाऱ्यांनी दुकानदार, फेरीवाले, टॅक्सीचालक यांना लस घेतल्याशिवाय धंदा सुरू करण्यास मनाई केली होती. न्यायालयाने म्हटले की लसीकरण ही काळाची गरज आहे; पण बळजबरीने केल्यास तिचा मूळ हेतूच नष्ट होतो आणि माणसाच्या उपजीविकेच्या हक्कावर घाला येतो. त्याच वेळी न्यायालयाने सांगितले की प्रत्येक दुकानावर आणि वाहनावर तेथील कर्मचाऱ्यांनी लस घेतली आहे की नाही, याची पाटी ठळकपणे लावावी. निर्णय ग्राहकाने घ्यावा. बाजारात एका बाजूला माहिती असते आणि दुसऱ्या बाजूला नसते, तेव्हा सौदा खोटा ठरतो, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. त्यावरचा सर्वांत सौम्य उपाय म्हणजे माहिती उघड करणे, आणि तोच इथे वापरला गेला. पोलीस बाजार परिसरातील दुकानांवर अशा पाट्या झळकलेल्या मी पाहिल्या. पाटीमुळे कोणाच्या पोटावर थेट पाय आला नाही, आणि केमोथेरपीच्या रुग्णाच्या घरच्यांना भाजी कोठून घ्यायची ते ठरवता आले.

आम्ही कार्यालयात हेच सूत्र वापरले. लस न घेतलेल्यांची बसण्याची जागा वेगळी, मास्क अनिवार्य, लोकांशी संबंध येणाऱ्या खिडकीवर काम नाही. पगाराला आणि रजेला हात नाही. त्याबरोबर जुलैत एका सरकारी डॉक्टरांना सभागृहात बोलावले. त्या स्वतः खासी होत्या, खासीतच बोलल्या. कर्मचाऱ्यांनी घरच्यांना आणले तरी चालेल, असे आम्ही कळवले होते. काँग आपल्या मामांना घेऊन आल्या. खासी घरांत आईच्या भावाचा शब्द वजनदार असतो. मामांनी तासभर प्रश्न विचारले : रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना लस चालते का, ताप किती दिवस येतो, गुठळी झाल्यास आधी काय जाणवते, रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा. डॉक्टरांनी काही लपवले नाही आणि काही वाढवून सांगितले नाही. शेवटी आपला फोन नंबर फळ्यावर लिहिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काँगनी पहिला डोस घेतला. दोघांनी मात्र शेवटपर्यंत लस घेतली नाही, आणि ते शेवटपर्यंत वेगळ्या खोलीत बसले. माझ्या मते हे दोन्ही योग्य होते. नकार देण्याचा त्यांना हक्क होता. त्या नकाराची गैरसोय त्यांनीच सोसावी, शेजाऱ्याने नव्हे, हेही तितकेच रास्त होते.

आता याच्याशी तुलना करून पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लसीकरण मागे पडले होते. जिल्हा प्रशासनाने आदेश काढला की किमान एक डोस घेतलेल्यांनाच पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळेल. उद्देश प्रामाणिक होता, आणि जिल्हाधिकाऱ्यांवर कोणता दबाव असतो हे मी जाणतो. तरीही तत्त्व म्हणून विचार केला तर यात खोट आहे. रेशनच्या धान्याचा आणि संसर्गाचा संबंध काय? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ते धान्य हक्काचे केले आहे. शिवाय श्रीमंताला रेशन नको असते. म्हणजे ही किंमत फक्त गरिबाकडूनच वसूल होणार. मुंबईच्या लोकलचे उदाहरण याहून वेगळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा प्रवास खुला झाला. लोकलची गर्दी आणि संसर्ग यांचा संबंध उघड आहे, त्यामुळे आरंभी या अटीला आधार होता. पण ओमायक्रॉननंतर तो क्षीण झाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे आदेश काढण्याच्या पद्धतीवरही ताशेरे ओढले. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातील सारे निर्बंध उठले.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. "घेत नाही" आणि "मिळत नाही" यांत आपण फरक करत नाही. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा ऑनलाईन नोंदणीवाचून लस मिळत नव्हती. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, इंग्रजी येत नाही, तो रांगेत उभाच राहू शकत नव्हता. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि या वयोगटाला लस विकत घ्यायला लावणारे धोरण सकृद्दर्शनी मनमानी व अतार्किक असल्याचे म्हटले. २१ जूनपासून केंद्राने धोरण बदलले आणि मोफत लसीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. नोव्हेंबरमध्ये "हर घर दस्तक" मोहीम सुरू होऊन लस लोकांच्या दारात गेली. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या मोहिमेने १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी डोसांचा टप्पा गाठला. त्यात सक्तीचा वाटा किती आणि दारापर्यंत गेलेल्या परिचारिका व आशाताईंचा वाटा किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मी माझा केला आहे.

आपल्या इतिहासातही हा धडा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. १२३ वर्षांनंतर कोविडमध्येही आम्ही तोच वापरला. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, स्त्रियांच्या अब्रूची पर्वा केली नाही, देवघरे विटाळली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. याच वर्षी, याच प्रांतात, सार्वजनिक आरोग्याचे आणखी दोन मार्ग दिसले होते. १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे तिसरे आगाखान यांनी अनुयायांचे भय घालवण्यासाठी ती जाहीरपणे घेतली. आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. शासनाच्या बंदुकीपेक्षा या तिघांनी स्वतः पत्करलेल्या जोखमीने लोकांना अधिक शिकवले.

विश्वास कसा गमावला जातो, याचेही उदाहरण त्याच लसीचे आहे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पद सोडावे लागले, आणि ते निर्दोष असल्याचे मान्य व्हायला १९०७ उजाडले. दुर्घटनेची चौकशी त्वरित आणि उघडपणे झाली नाही की अफवा तिची जागा घेतात.

पोलिओचा अनुभव याच्या नेमका उलट. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगात सर्वाधिक. पश्चिम उत्तर प्रदेशातील कित्येक वस्त्यांत थेंब नाकारले जात. तेथे कोणाचे रेशन तोडले गेले नाही. त्याच वस्तीतील स्त्रिया घरोघर गेल्या, धर्मगुरूंना सोबत घेतले, अलीगढ आणि जामिया मिलिया या विद्यापीठांनी मदत केली. पालकांच्या ज्या इतर तक्रारी होत्या, त्यांतील काही ऐकून घेतल्या. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातील एका मुलीला पोलिओ झाला. ती देशातील नैसर्गिक पोलिओची शेवटची रुग्ण ठरली. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळाले.

आता काँगच्या प्रश्नाकडे. लसीमुळे झालेल्या अपायाची भरपाई चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळावी, ही कल्पना नवी नाही. ब्रिटनने १९७९ साली आणि अमेरिकेने १९८६ साली तसे कायदे केले. आपल्याकडे, लसीकरणानंतर दोन तरुण मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली की लसीकरण ऐच्छिक होते आणि भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे. कायद्याच्या दृष्टीने या भूमिकेला आधार असेल. पण एकीकडे लस घेणे हे राष्ट्रीय कर्तव्य म्हणून सांगायचे आणि दुसरीकडे अपाय झाल्यावर ती तुमची स्वतःची निवड होती असे म्हणायचे, यातील विसंगती सामान्य माणसाच्या ध्यानात येतेच. अपायाची संख्या इतकी अल्प असते की अशा भरपाईचा भार तिजोरीला जाणवणारही नाही. जो जाणवतो तो भरपाई नसल्यामुळे गमावलेल्या विश्वासाचा.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. लसीकरण हा व्यक्ती आणि समाज यांच्यातील करार आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना देणे लागते.

शासनाचे देणे चार प्रकारचे. लस मोफत आणि दारापर्यंत पोहोचवणे. तिच्याविषयीची सारी माहिती, अपायांसह, लोकांच्या भाषेत उघड करणे. ज्याला अपाय झाला त्याची जबाबदारी घेणे. आणि निर्बंध घालायचेच तर संसर्गाशी थेट संबंध असलेल्या जागांपुरते, ठरावीक मुदतीसाठी आणि पुराव्यानुसार बदलत घालणे.

नागरिकाचे देणे दोन प्रकारचे. नकार देण्याआधी जाणकाराला विचारणे. फोनवर आलेल्या संदेशाला नव्हे. आणि नकार दिलाच तर त्याची किंमत शेजाऱ्याला मोजायला न लावणे. मास्क लावणे, अंतर ठेवणे, आजाऱ्यांच्या घरापासून लांब राहणे.

शासनाने आपले देणे चुकते केले तर सक्तीची गरज फारच थोड्या ठिकाणी उरते, असे मी अनुभवाने म्हणतो. आणि जिथे उरते तिथे ती करण्याचा नैतिक अधिकारही त्यालाच असतो, ज्याने स्वतःचे देणे आधी फेडलेले आहे. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण हे देणे फेडण्याची तयारी साथ नसतानाच करावी लागते; साथ आल्यावर हाती फक्त आदेश काढण्याएवढाच वेळ उरतो.